अठरा रुपये महिना

मागच्या रविवारी कपाट आवरताना बाबांच्या भाडेपावत्यांचं पुडकं सापडलं. दोरा गुंडाळलेलं, वर बाबांच्या अक्षरात ‘वाडा’ एवढंच लिहिलेलं. पहिली पावती १९६८ ची आणि शेवटची २०१६ ची. या अठ्ठेचाळीस वर्षांत रेव्हेन्यू स्टँपचा रंग बदलला, मालकांची सही जाऊन मालकीणबाईंची आली, भाडेकरू म्हणून बाबांचं नाव जाऊन माझं आलं. आकडा मात्र सगळ्या पावत्यांवर एकच. रुपये अठरा फक्त.

बायको म्हणाली, आता टाकून द्या की. टाकवेना. तर त्या अठरा रुपयांची गोष्ट आज सांगून टाकतो. बरीच वर्षं सांगायची टाळत आलोय.

पुण्याच्या शनिवार पेठेत आमचा वाडा होता. ‘आमचा’ म्हणजे आम्ही त्यात भाड्यानं राहायचो, पण पेठेत सगळे भाडेकरू आपापल्या वाड्याला ‘आमचा वाडा’च म्हणतात. दोन चौकांचा वाडा, मालक धरून दहा बिऱ्हाडं. मागच्या चौकात वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. चार खणांच्या. आता खण म्हणजे काय हे हल्ली पुण्यातच जन्मलेल्यांनाही सांगावं लागतं. वाड्यात खोलीचं माप चौरस फुटात नसायचं, खणात असायचं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. लाकडाची तुळई किती लांब मिळते आणि किती वजन पेलते यावर ते अंतर ठरायचं. म्हणजे खोलीचा आकार शेवटी झाडानं ठरवलेला. मला हे फार नंतर कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की समोरच्या बिऱ्हाडाकडे सहा खण आहेत आणि आमच्याकडे चारच.

मालकांना आम्ही सगळी पोरं अण्णा म्हणायचो आणि मालकीणबाईंना माई. अण्णा १९८८ साली गेले. त्यानंतर पावत्या माईच फाडायच्या.

१९९४ साली बाबांनी कोथरूडला फ्लॅट घेतला आणि आम्ही तिकडे गेलो. पेठेतली निम्मी माणसं त्या पंधरा-वीस वर्षांत अशीच कोथरूडला गेली. पण जाताना वाड्यातल्या खोल्या सोडल्या नाहीत. कुलूप लावलं आणि गेलो. भाडं चालू. अठरा रुपये महिन्याला खोली कोण सोडतो? उद्या वाडा पडला, बिल्डर आला, तर जागा मिळेल. सगळे हेच करत होते. त्यात काही चूक आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

एक अडचण होती. भाडेकरूनं सलग सहा महिने जागा वापरलीच नाही तर मालकाला ती परत मागता येते, असं कायद्यात आहे. त्यामुळे बाबा दर दुसऱ्या शनिवारी स्कूटर काढून वाड्यात जायचे. कुलूप उघडायचे, केर काढायचे, दोन तास पेपर वाचत बसायचे, चहा करून प्यायचे आणि परत यायचे. लाइटचं बिल अगदीच शून्य येऊ नये म्हणून पंखा लावून ठेवायचे. हा झाला ‘वापर’. माईंनी खरंच कोर्टात जायचं ठरवलं असतं तर बाबांची बाजू लंगडीच होती. पण पेठेत कोर्टात जाणं म्हणजे नातवासाठी खटला पेरून ठेवणं. माई काही गेल्या नाहीत.

२००९ साली बाबा गेले आणि ती शनिवारची ड्यूटी माझ्याकडे आली.

पहिले काही शनिवार मी लॅपटॉप घेऊन जायचो. रेंज धड येत नसे. मग काय करणार, कॉटवर उताणा पडून छताकडे बघायचो. आणि खरं सांगतो, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी ते छत पहिल्यांदा नीट बघितलं. ज्या खोलीत लहानाचा मोठा झालो ती कशी उभी आहे हे मला माहीतच नव्हतं.

म्हणजे बघा, वाडा हा मुळात लाकडाचा सांगाडा असतो. खाली काळ्या दगडाचं जोतं. जोत्यावर दगडाचे तळखडे, आणि तळखड्यांवर सागवानी खांब उभे. तळखडा नुसता शोभेला नाही. लाकूड जमिनीच्या ओलीपासून चार बोटं वर राहावं म्हणून तो आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. म्हणून त्या छताला कडीपाट म्हणायचं. पाटांवर मातीचा थर, आणि त्यावर वरच्या मजल्याची जमीन. सगळ्यात वर उतरतं छप्पर. बहुतेक वजन हा सांगाडा घेतो. खोल्या पाडणाऱ्या आतल्या भिंती म्हणजे नुसता भराव.

हे मला समजावलं ते एका म्हाताऱ्या सुतारानं. माईंकडे दाराची बिजागरी बसवायला आला होता. खांबावर थाप मारून म्हणाला, “साहेब, भिंत पडली तरी घर पडत न्हाई. खांब कुजला की पडतं.” कोयनेचा भूकंप झाला, १९६७ साली, तेव्हा अख्खा कडीपाट करकरला, पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर कुठे फट नाही, असं माई सांगायच्या. खुंट्या आणि सांधे यांच्यावर जोडलेलं लाकूड थोडं हलतं, पुन्हा जागेवर बसतं.

मग मला नादच लागला. रस्त्याच्या बाजूनं वाडा असा तोंड मिटून का बसलेला असतो? खालच्या मजल्याला बाहेरून खिडक्या जवळजवळ नाहीतच. भलंमोठं दार, त्यात वाकून जायला छोटी दिंडी, आत शिरल्यावर पहारेकऱ्याची देवडी. ज्या काळात हा प्रकार ठरला तो धामधुमीचा काळ, तेव्हा घराचं तोंड आतल्या बाजूला. उजेड, वारा, पाऊस, सगळं चौकातून. चौकाभोवती ओसरी. येणाजाणाऱ्याला बाहेरच्या चौकापर्यंत मुभा, पुढचं माजघर घरच्यांचं. मे महिन्यात बाहेर भाजून निघत असताना मागच्या चौकात उघडं बसवत असे. आज आमच्या फ्लॅटमध्ये त्यासाठी दोन एसी लागतात.

एक फजिती सांगतो. छपरावरचं एक कौल निसटून खाली पडलं होतं, त्यावर इंग्रजीत बासल मिशन, मंगलोर आणि १८६५ असं उठवलेलं. मी खूष! वाडा १८६५ चा! दोन-चार मित्रांना फोन करून सांगितलंसुद्धा. पुढे वाचनात आलं की बासल मिशननं मंगलोरला कौलांचा कारखाना सुरू केला तो १८६५ साली, आणि ते साल कंपनीचं म्हणून कौलांवर यायचं. म्हणजे कौल कधीचंही असू शकतं. वाडा त्याच्याही आधीचा असेल नाहीतर नंतरचा. कागदपत्रांत कुठे धड लिहिलेलं नाही. ‘कॉपीराइट १९९५’ वाचून सॉफ्टवेअर त्याच साली लिहिलंय म्हणण्यासारखंच झालं ते. असो.

त्या शनिवारांचा हळूहळू पूर्ण वीकेंड झाला. वाडा उघडायचा, चहा घ्यायचा आणि कॅमेरा घेऊन पेठांत हिंडायचं. पाव तासात शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावानं १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत केली. आज तिथे काय दिसतं? तटबंदी, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आत नुसती जोती. कारण वरचे मजले लाकडाचे होते आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत ते गेले. दगड राहिला. लहानपणी मला वाटायचं शनिवारवाडा म्हणजे किल्लाच आहे. पण ते घर होतं. घर जळालं आणि कुंपण राहिलं.

घर कसं होतं ते बघायचं तर विश्रामबागवाड्यात जावं. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला. आपल्या आवडत्या जागी राहायचं म्हणून त्यानं शनिवारवाडा सोडला आणि इथे आला. वरच्या सज्जाचे ते सुरूचे खांब, सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते, मधल्या महिरपी, केळफुलं... बाजीराव रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात, मान वर करून बघणारे मोजकेच. पेशवाई १८१८ ला बुडाली, आणि १८२१ साली इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्हींना एकाच रात्री आग लावली गेली. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागचा जळालेला भाग लोकांनी आणि नगरपालिकेनं पुन्हा उभा केला. पुढे कित्येक वर्षं महापालिकेचा कारभार तिथून चालला, तळमजल्यावर पोस्ट होतं. म्हणजे दोनशे वर्षांत तो वाडा कधी फार काळ रिकामा राहिला नाही.

नारायण पेठेत केसरीवाडा आहे. मूळचा गायकवाडांचा, १९०५ साली टिळकांनी घेतला. तोही उभा आहे, कारण त्यात आजही माणसं येतात-जातात, काम चालतं. आणि राजा केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. हा महाल मुळात कोथरूडचा. त्याचे अवशेष तिथून काढून आणून संग्रहालयात पुन्हा जोडलेत. मला याची गंमत वाटते. पेठेतली माणसं कोथरूडला गेली आणि कोथरूडचा महाल पेठेत आला.

थोडक्यात काय, की पाच-सहा वर्षांत मी स्वतःला वाड्यांचा मोठा जाणकार समजायला लागलो. ऑफिसातल्या लोकांना रविवारी सकाळी हिंडवून आणायचो. एखादा वाडा पाडताना दिसला की तावातावानं बोलायचो. पुणेकरांना किंमत नाही, मालकांना पैशाची हाव, वगैरे वगैरे. शेवटी सगळ्यांना आमच्या वाड्यात आणून कडीपाट दाखवायचो. माई ओसरीवरून बघायच्या आणि हसायच्या. कधी काही बोलल्या नाहीत.

२०१६ च्या मार्चमध्ये माईंनी सगळ्या बिऱ्हाडांना बोलावलं. वाडा बिल्डरला द्यायचा. प्रत्येक भाडेकरूला जेवढी जागा तेवढी नव्या इमारतीत मालकीची, फुकट. आठ जणांनी कागदांवर सह्या केल्या. मी केली नाही.

उलट मी ओसरीवर उभा राहून भाषण ठोकलं. हा सांगाडा परत बांधता येणार नाही, असा साग आता मिळत नाही, आपण वाडा दुरुस्त करू, पुढच्या चौकात पर्यटकांसाठी खोल्या काढू, परदेशात लोक असं करतात. लोक ऐकत होते, म्हणजे घड्याळ बघत होते. माईंनी मला संपेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाल्या, “अरे, तू कॉम्प्युटरवाला. मला एक हिशोब करून दे. तुम्ही नऊ बिऱ्हाडं, सगळ्यांचं मिळून मला महिन्याला भाडं येतं एकशे चौसष्ट रुपये. गेल्या वर्षी छपराची कौलं शाकारायला माणूस बोलावला, तो म्हणाला चाळीस हजार. किती वर्षांचं भाडं साठवलं म्हणजे एकदा कौलं चाळून होतील?”

मी मनातल्या मनात भागाकार केला. वर्षाचे एकोणीसशे अडुसष्ट. वीस वर्षांहून थोडं जास्तच.

“आणि कौलं दर उन्हाळ्यात चाळायची असतात,” माई म्हणाल्या.

घरी येऊन मी हा कायदा नीट वाचला. इतकी वर्षं वाड्यांवर वाचत होतो, पण भाड्यावर एक ओळ वाचली नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्या वेळी त्याला कारण होतं. महायुद्ध, फाळणी, शहरांत लोंढे, घरांची टंचाई. घरमालकानं वाटेल ते भाडं लावून गरिबाला रस्त्यावर काढू नये म्हणून केलेली ती सोय. बाबांसारख्या कारकुनाला त्या सोयीनंच पेठेत राहता आलं, मला शिकवता आलं, हे मी नाकारत नाही. पण सोय तात्पुरती होती आणि मुदत वाढत वाढत ती पन्नास वर्षं राहिली. नवा कायदा ३१ मार्च २००० ला आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळते. मी तेही करून बघितलं. अठरा रुपयांवर सोळा वर्षं चक्रवाढीनं चार टक्के, तरी चौतीस रुपये होत नाहीत. माईंनी ती वाढ कधी मागितलीच नाही. मागून काय करणार होत्या?

आता उलटीकडून बघा. बंदोबस्त मालकाचा, पण पैसा नाही. राहणारे आम्ही, पण घर आमचं नाही, मग आम्ही खर्च का करायचा? बाबांनी त्या खोल्यांवर अठ्ठावीस-तीस वर्षांत एकदा रंग दिला असेल. १९९४ नंतर तर तेही नाही. वाडा पिढ्यानपिढ्या टिकायचा तो दर उन्हाळ्यात कोणीतरी छपरावर चढत असे म्हणून. फुटकं कौल बदलायचं, वासा बदलायचा, भिंतीला चुना काढायचा, पन्हळी साफ करायच्या. ती रीत मोडली की दहा-वीस पावसाळ्यांत सांगाडा जातो. आग लागायची गरज नाही.

तरीही मी सही केली नाही. हिशोब पटला होता, पण... म्हटलं, बघू, पावसाळ्यानंतर. जून गेला. माईंच्या खोलीत पाच ठिकाणी गळत होतं. बादल्या, पातेली मांडलेली. माईंचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. मी शनिवारी जायचो तेव्हा जिना चढताना त्यांच्या दारासमोरून जावं लागे. मी मान खाली घालून जायचो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रात्री मागच्या चौकातला कोपऱ्याचा खांब बसला. त्याच्यावरची गॅलरी आणि आमच्या एका खोलीची अर्धी जमीन खाली आली. आमच्या खोलीत कोणी नव्हतं, कारण आमच्या खोलीत बावीस वर्षं कोणीच नव्हतं! खाली माईंचं न्हाणीघर. त्या दहा मिनिटं आधी तिथून बाहेर पडल्या होत्या.

सकाळी गेलो. तोच म्हातारा सुतार आला होता. त्यानं मोडलेल्या खांबाच्या बुंध्यात बोट घातलं, ते आत गेलं. नुसता भुसा. झालं होतं असं की १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी वाड्यात शिरलं आणि मागची कच्च्या विटांची भिंत विरघळून गेली. नदीकाठच्या पेठांत त्या दिवशी असे कित्येक वाडे बसले. आमचा वाचला, कारण सांगाडा उभा राहिला. अण्णांनी ती भिंत पुन्हा बांधली, पण घाई होती, पैसे नव्हते आणि पुरात सगळं गमावलेले दोन नातेवाईक घरात. घाणीत दळलेला चुना कोण आणतो? सिमेंटात भिंत बांधली आणि खांबासकट सगळ्याला सिमेंटचा गिलावा मारला. चुन्यातून ओल आत-बाहेर होते, भिंत वाळते. सिमेंटच्या गिलाव्यात शिरलेली ओल बाहेर पडायला वाट शोधत बसते. छपरातून गळणारं पाणी आत जायचं आणि खांबापाशी अडकायचं. पंचावन्न वर्षं. बाहेरून गिलावा ठणठणीत.

अण्णांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता क्लायंट ओरडत असताना आपणही असेच गिलावे मारतो. पण तो गिलावा खरवडून, खांबाचा बुंधा बदलून पुन्हा चुन्यात काम करता आलं असतं. १९७५ ला आलं असतं, १९९० लाही आलं असतं. त्याला पैसे लागले असते. आणि ते पैसे आमच्या नऊ जणांच्या खिशात होते. कोथरूडचा फ्लॅट त्याच पैशांतून झाला.

आठवडाभरानं मी सही केली. माईंच्या घरी गेलो आणि म्हटलं, “माई, मी फार उशीर केला.”

त्या म्हणाल्या, “तुला वाडा आवडायचा, हे खरंच होतं रे. माझ्याकडे गळायचं, हेही खरं होतं.”

एवढंच बोलल्या. चहा दिला.

वाडा उतरवायला घेण्याआधी मला तीन आठवडे मिळाले. रजा टाकून मी आणि एका मित्राचा आर्किटेक्चर शिकणारा मुलगा, दोघांनी मिळून वाड्याचं मोजमाप केलं. प्रत्येक खण, प्रत्येक खांब, कोनाडे, भिंतीतलं धान्याचं बळद, आमचा अंधारा जिना. बारा मोठे कागद झाले. जुन्या लाकडाचा व्यापारी आला आणि सागाचे खांब घेऊन गेला. कुठल्यातरी रिसॉर्टला लागले म्हणे. मला एक खांब हवा होता. मागायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. त्या लाकडाचे पैसे माईंचे होते, आणि बऱ्याच वर्षांत वाड्यानं त्यांना दिलेले ते पहिलेच धड पैसे.

मी एक कौल आणलं. १८६५ वालं.

हे फक्त आमच्याच वाड्याचं झालं असतं तर लिहिलं नसतं. बुधवार पेठेतला भिडे वाडा घ्या. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती त्या वाड्यात. त्याचं स्मारक व्हावं याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. तरी महापालिका, मालक आणि भाडेकरू यांचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला, तोवर वाडा ढासळत गेला, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ताबा मिळाल्यावर उरलेला पाडावा लागला. तिथे नवीन स्मारक व्हायचं ठरलं. इतक्या मोलाच्या वास्तूचं जर हे, तर पेठांतल्या बिननावाच्या शेकडो वाड्यांचं काय होणार?

म्हणून हल्ली मी ‘पुणेकरांना किंमत नाही’ असं म्हणत नाही. प्रश्न किमतीचाच आहे, पण ती कोण देणार हा. उभे राहिलेले वाडे बघा. कुणाच्या मागे महापालिका आहे, कुणाच्या मागे संस्था, कुणाच्या मागे संग्रहालय. कौलं चाळायचे पैसे कुठूनतरी येतात. जिथे वारसा सगळ्यांचा आणि गळती एकट्या मालकाची, तिथे वाडा उभा राहत नाही. आपल्याला जुनी घरं खरंच हवी असतील तर फोटो काढण्याबरोबर त्यांच्या छपराचा खर्च कसा वाटून घ्यायचा ते ठरवावं लागेल. पालिकेनं द्यायचा, राहणाऱ्यानं वाजवी भाड्यातून द्यायचा, की हिंडायला येणाऱ्यानं, हे मला सांगता येणार नाही. पण कोणीतरी द्यायचा, एवढं नक्की.

२०२० ला नवी इमारत झाली. पाच मजली, लिफ्ट, खाली पार्किंग. पहिल्या मजल्यावर माई राहतात. मोजमापाचे बारा कागद स्कॅन करून मी त्यांना फ्रेममध्ये एक लावून दिला, तो त्यांनी देवघराच्या भिंतीवर टांगलाय. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा खिडकीत बसल्या होत्या. म्हणाल्या, “आवाजच येत नाही बघ पावसाचा. आणि गळतही नाही.” तक्रार होती की समाधान, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. चार खणांच्या बदल्यात मिळालेला. दोन विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलाय. करार अकरा महिन्यांचा, दर वेळी दहा टक्के वाढ, तीन महिन्यांचं डिपॉझिट. त्यातल्या एका मुलानं गेल्या महिन्यात फोन केला. बाथरूमच्या भिंतीला ओल येतेय, बघून जाता का?

म्हटलं, शनिवारी येतो.